दार येईपर्यंत

सूर्यभानच्या कारखान्याला शुक्रवारी सुट्टी असे, आणि नवा सिनेमाही शुक्रवारीच लागे. तो आणि सरू दुपारचा खेळ सहसा चुकवत नसत. मुकुंदवाडीत त्यांची पत्र्याची एक खोली होती. तिथून बसनं शहरात जायचं, सिनेमा बघायचा आणि परतताना जालना रोडच्या कडेनं चालत यायचं.

चालण्याला कारण होतं. वाटेत दोघांनी एकमेकांना एकेक प्रश्न विचारायचा, नुकत्याच बघितलेल्या गोष्टीवरून. उत्तर खरं द्यायचं आणि खोलीचं दार येईपर्यंत द्यायचं. दाराच्या आत तो विषय पुन्हा काढायचा नाही. हा नियम सरूनं केला होता. पत्र्यापलीकडे मनकर्णाबाई राहायची. तिला इकडचं पाणी उकळलेलंही ऐकू जाई.

एकदा सिनेमातली सून सासूला उलट बोलली. त्या दिवशी सूर्यभाननं विचारलं, "मपल्या आईचा राग येतो का तुला?"

"येतो की. पण जेवू घालीन."

दोघं हसतच घरी आले होते.

सरूचं हे दुसरं लग्न. पहिला नवरा कारभारी नावाचा, वैजापूरकडचा, मेंढरं राखणारा. पंचांसमोर काडी मोडून त्यांची फारकत झाली. पुढं सूर्यभानच्या आत्यानं, केसरबाईनं, हे मोहतूर, म्हणजे पाटाचं लग्न, जमवलं. "नवरा मारायचा रे तिला, सूर्या. गरीब गाय आहे," असं तिनं सांगितलं. बिनलग्नाच्या पोरानं मोहतूर लावायचं तर आधी त्याचं रुईच्या झाडाशी लग्न लावतात. तसं लावलं. भावकीतले लोक हसले. सूर्यभानला त्याचं काही वाटलं नाही. मार खाल्लेल्या बाईला आपण सावली दिली, एवढं त्याला पुरेसं होतं.

बाईचा अनुभव मात्र त्याला नव्हता. सुरुवातीला तो फार घाई करी आणि मग लाजून भिंतीकडे तोंड करी. एकदा सरूनं त्याचं मनगट धरलं. "सावकाश," ती म्हणाली. "आपल्याला कुठं गाडी धरायचीय?" त्यानंतर त्याची लाज गेली. कारखान्यात मशीनवर उभा असतानाही त्याला ते वाक्य आठवे आणि तो एकटाच हसे.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला. तेव्हापासून शहरात बंद, मोर्चे आणि जमावबंदी वरचेवर होत होती. सूर्यभानच्या शेजारच्या मशीनवरचा बौद्ध कामगार काही दिवस आला नाही. गावाकडं त्याच्या आईचं घर जाळलं होतं. तो परत आला तेव्हा त्याला कुणीच काही विचारलं नाही. सूर्यभाननंही नाही.

त्याच वर्षातल्या एका शुक्रवारी त्यांनी बघितलेल्या सिनेमात नायिकेच्या आयुष्यात आधी एक माणूस येऊन गेलेला होता. नायक तिला गच्चीवर विचारतो. ती रडत सांगते की मला फसवलं, माझ्यावर जबरदस्ती झाली. तो तिचे डोळे पुसतो आणि गाणं सुरू होतं. सूर्यभानचेही डोळे भरून आले. बाहेर पडल्यावर त्यानं विचारलं, "कारभारी कसा होता? तू कधीच नाय सांगितलंस. मी ऐकून घेईन."

"तुमची पहिली बायको रुई," सरू म्हणाली. "मी कधी इचारते का, ती कशी होती म्हणून?"

तो हसला. "सांग की."

ती सांगणार होती. तेवढ्यात समोरून माणसं पळत आली. मागं कुठंतरी बस पेटली होती, दुकानांची शटरं खाली येत होती. सूर्यभाननं तिचा हात धरला आणि दोघं आडवाटेनं धावत खोलीवर आले. त्यानं आतून कडी घातली. संध्याकाळी संचारबंदी लागल्याचं कळलं.

दुसऱ्या दिवशी कारखाना बंद होता आणि बाहेर पाय ठेवायची सोय नव्हती. दुपारी तो म्हणाला, "कालचं राहिलं."

"दार मागं पडलं आता."

"वाटेत इचारलं होतं ना? मग उत्तर बाकी आहे."

सरूनं खरं उत्तर द्यायच्या नियमाचा मान ठेवला. मनकर्णाबाईला ऐकू जाऊ नये म्हणून तिनं आवाज उतरवला.

"त्यानं कधी हात नाय उचलला. चांगला होता."

"आत्या म्हणाली, मारायचा."

"मूल होईना म्हणून सासूनं काडी मोडायला लावली. वांझ बाईला कोण करून घेईल? म्हणून आत्यानं तसं सांगितलं. तो त्या दिवशी मेंढरांत जाऊन बसला. पंचांनी वढून आणला."

मुलाविषयी सूर्यभाननं काहीच विचारलं नाही. बराच वेळ तो स्टोच्या पिनेनं बोटाची नखं कोरत बसला.

"ते 'सावकाश' कुणाचं?" त्यानं विचारलं.

"काय?"

"मला म्हणालीस ते. त्यानं शिकवलं का तुला?"

 सरूनं 'नाय' म्हटलं असतं तर बरं झालं असतं, पण खोटं बोलायची तिला अजून सवय नव्हती.

संचारबंदी उठेपर्यंत तो एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारत राहिला. तो हसवायचा का? रानात झोपायचे का? माझ्याजवळ असताना आठवतो का? शेवटच्या प्रश्नाला ती म्हणाली, "तुम्ही इचारायला लागल्यापासून आठवतो."

शहर उघडलं तसा तो कामावर जाऊ लागला. पण जेवण बाहेरच करी, घरी आला की भिंतीकडे तोंड करून पडे. सिनेमा बंद झाला. एका शुक्रवारी सकाळी त्यानं तिची लुगडी काढली आणि बोचकं बांधायला घेतलं.

"आत्याकडं पोचवतो. पुढचं ती बघेल."

सरूला पुढचं माहीत होतं. भावानं मोहतराच्या वेळीच सांगितलं होतं, आता परत येऊ नको. दुसऱ्यांदा काडी मोडलेल्या बाईला आत्यासुद्धा किती दिवस ठेवणार? तिनं बाही वर सारली. कोपराखाली भाजल्याचा डाग होता.

"हे त्यानं केलं," ती म्हणाली. "तापला उलथना लावला."

सूर्यभान डागाकडे बघत राहिला. मागच्या दिवाळीत ती याच खोलीत करंज्या तळताना भाजली होती, आणि तूप त्यानंच लावलं होतं. रात्रभर फुंकर घालत बसला होता.

"आधी काहून नाय सांगितलंस?"

"लाज वाटली."

"लई वाईट होता मग," तो म्हणाला आणि बोचक्याची गाठ सोडली.

त्या दिवशी तो घरी जेवला. पुढच्या शुक्रवारी दुपारी म्हणाला, "अजून काय करायचा?" तिनं सांगितलं, उपाशी ठेवायचा. नंतरच्या शुक्रवारी पट्टा आला, त्यानंतर विहिरीचा काठ. ऐकून झालं की सूर्यभान तिच्या पाठीवरून हात फिरवी. ती आता त्याला सावकाश म्हणत नसे. डोळे मिटून पडून राही. भांडी घासताना तिला पुढची गोष्ट जुळवावी लागे, कारण तीच परत सांगितली की तो गप्प होई. त्यानं त्या गोष्टी कारखान्यातही सांगितल्या. नळावर मनकर्णाबाई तिला हंडा आधी भरू देऊ लागली.

उन्हाळ्यात केसरबाई आली. मेंढरं रस्ता ओलांडत असताना कारभारीला ट्रकनं उडवलं, असं तिनं सांगितलं. पत्र्यापलीकडून मनकर्णाबाई धावत आली.

"देव बघतो गं बाई! सुटलीस!"

केसरबाईनं सरूकडे बघितलं आणि नजर खाली वळवली. सूर्यभान दारात उभा होता.

"व्हय," सरू म्हणाली. "सुटले." आणि तिनं राखेनं घासलेलंच पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

त्या शुक्रवारी सूर्यभान नवा सदरा घालून म्हणाला, "चल, सिनेमाला जाऊ." ती गेली. पडद्यावर काय चाललं होतं ते तिला नीट कळलं नाही. परतताना दोघं पूर्वीसारखे जालना रोडच्या कडेनं निघाले. बरंच अंतर तो सिनेमाविषयीच बोलत होता. मुकुंदवाडीच्या वळणावर त्याची चाल मंदावली.

"आता वाटेत इचारतो," तो म्हणाला. "खरं सांगायचं. तो मारायचा ना?"

या वाटेवर ती आजवर एकदाही खोटं बोलली नव्हती. पत्र्याची ओळ दिसू लागली होती. सूर्यभान तिच्याकडे बघत नव्हता, रस्त्याकडे बघत होता.

"व्हय," ती म्हणाली. "मारायचा."

त्यानं मान हलवली. "आता तू इचार."

ती चालत राहिली. मनकर्णाबाईचं दार मागं पडलं, त्यांचं आलं. सूर्यभाननं खिशातून किल्ली काढली.

"तुपला प्रश्न राहिला की."

"राहू द्या," सरू म्हणाली, आणि त्यानं कुलूप उघडल्यावर स्टो पेटवायला आत गेली.