मेलेल्या गाडीतला करंट

इंदापुरात गेणूआबांच्या बोटालाच मीटर म्हणत. पस्तीस वर्षं गाड्यांचं वायरिंग केलं, पण खरं मीटर दुकानात कधी आलं नाही. वायर बॉडीला टेकवायची, ठिणगी पडली की करंट आहे. नाही पडली तर बोट लावायचं. बारा व्होल्ट माणसाचं काय वाकडं करणार? आणि बॅटरीची वायर काढली की ‘गाडी मेली’, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग खुशाल कुठंही हात घाला. लेकीला, मोनाला, त्यांनी हेच शिकवलं होतं.

तीच मोना आता बारामतीत विजेवरच्या गाड्यांच्या वर्कशॉपात कामाला होती. सुट्टीला घरी येताना पिशवीत जाड रबरी हातमोजे असायचे. भांडी घासायला आणलेस का, म्हणून आबा तिला चिडवायचे.

रविवारी सकाळी मोना दुकानात आबांच्या हाताखाली होती, तेव्हा सरोजिनीबाईंची गाडी दुकानापुढं थांबली. बारामतीहून नरसिंहपूरला दर्शनाला निघाल्या होत्या आणि वाटेत एसी बंद पडला. आबांनी बॉनेट उघडून सवयीनं आधी पट्टा शोधला. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. इथं इंजिनच नाही, तर पट्टा कुठला! कॉम्प्रेसरला स्वतःची मोटर, आणि तिला अंगठ्याएवढी जाड नारिंगी केबल. आबा बावरले, पण गिऱ्हाइकाला तसं दिसू देतील तर ते आबा कसले. कोपऱ्यात ओळखीची छोटी बॅटरी सापडली. तिची वायर काढली, “मेली गाडी” म्हणाले आणि केबलकडं हात नेला.

मोनानं त्यांचं मनगट घट्ट धरलं. परक्या बाईसमोर लेकीनं हात धरला, आबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“गाडी मेली, आबा. करंट न्हाय मेला.”

तिनं हातमोजे चढवले, मोठ्या बॅटरीचा सुरक्षा-प्लग ओढून काढला, केबलचं टोक सोडवलं आणि आतल्या पिनांना पिशवीतलं आपलं मीटर लावलं. तीनशे बेचाळीस व्होल्ट. आत भरून राहिलेला करंट उतरायला दहा मिनिटं लागतात, तिनं सांगितलं.

आबांनी आकडा तीनदा वाचला. त्यांचं बोट तिथंच जाणार होतं. पण घाम फुटला तो दुसऱ्याच विचारानं. बापाचं वाक्य पोरीनं खरं मानलं असतं तर? बारामतीत, आपल्या माघारी, असंच ‘मेली’ म्हणून हात घातला असता तर? त्यांनी हात खिशात घातला.

सरोजिनीबाई घड्याळ बघत होत्या. आकडा उतरत होता. दोनशे. नव्वद. चाळीस.

“बारा,” मोना हसली. “आलं तुमचं बारा व्होल्ट. लावा आता हात.”

आबा हसले नाहीत.

“शून्य हू दे,” ते म्हणाले. “आन् तवर तू बी हात माघारी घे.”