तीन थापा

"पोट सैल सोडा," बुर्गा म्हणाली.

"सैलच आहे ते. वीस वर्षं झाली," कासियान म्हणाला आणि आपल्याच विनोदावर हसला. पोट हललं, म्हणून बुर्गा सुई धरून थांबली. या खोऱ्यातली सरकारी नर्स म्हणून एकतीस वर्षं ती लोकांचं हसून होण्याची वाट पाहत आली होती.

कासियानचा डावा खुबा बदलून चार आठवडे झाले होते. रक्त गोठू नये म्हणून रोज सकाळी पोटात एक सुई. तो गावातल्या सगळ्यात मोठ्या हॉटेलचा मालक आणि परंपरा संवर्धन मंडळाचा अध्यक्ष. आज पाच डिसेंबर, म्हणजे क्रांपुसांचा, शिंगवाल्या सैतानांचा दिवस. त्यामुळे आजारपणातही अध्यक्षांच्या अंगात सदरा कडक इस्त्रीचा होता.

"संध्याकाळी टेबलामागे बसणार म्हणे तुम्ही?"

"सिस्टर, टीव्हीवाले येतायत. अध्यक्षाच्या घरचं टेबल ओढायचं आणि अध्यक्ष पलंगावर? लोक काय म्हणतील?"

"खुबा काय म्हणेल ते आधी विचारा."

"पोरं दोन झटके देतील, मी तीन थापा मारीन, सोडून देतील. संपलं."

बुर्गानं सुई टोचली. जरा सावकाशच. "खालच्या आडव्या फळीला पाय लावू नका. पीळ बसला तर सांधा निसटेल."

"पाय लावल्याशिवाय टेबल धरता येतं होय? जाऊ द्या, तुम्हा बायकांना नाही कळायचं ते."

बुर्गानं कापसाचा बोळा दाबून धरला. तिला कळत होतं.

आमच्याकडे पाच तारखेला अंधार पडला की मेंढ्यांची कातडी पांघरलेले, शिंगांचे लाकडी मुखवटे घातलेले सहा-सहा क्रांपुस घरोघर शिरतात आणि जेवणाचं टेबल दाराबाहेर ओढू लागतात. घरची माणसं भिंतीकडच्या बाकावर बसून, फळीला पाय लावून ते धरून ठेवतात. टेबल बाहेर गेलं, तर त्या घराला पुढच्या हिवाळ्यापर्यंत मान वर करून हिंडता येत नाही. नियम दोनच. घरधन्यानं टेबलावर तळहातानं तीन थापा मारल्या की हात सोडायचे. आणि मुखवट्याला नाव नसतं. त्याच्याआड जे झालं ते विचारायचं नाही, सांगायचं नाही.

बाकीचे अठ्ठावीस नियम मंडळाचे. प्रत्येक क्रांपुसाच्या पाठीवर नंबर हवा. आधी दारूसाठी श्वासाची तपासणी हवी. प्रेक्षक दोरीपलीकडे हवेत. लहान मुलांसाठी दुपारी तीन वाजता एक सौम्य क्रांपुस येतो. तो संत्री वाटतो आणि त्याचा विमा उतरवलेला असतो. बायकांनी कातडी शिवावीत, धुवावीत, जखमा बांधाव्यात. मुखवटा घालू नये. हा नियम चौथा.

एकतीस वर्षांपूर्वी बुर्गाच्या घरचं टेबल ओढायला असेच सहाजण आले होते. टेबलामागे तिचा थोरला भाऊ, ओस्वाल्ड. त्या वर्षी गावाला स्कीसाठी तारेवरची पाळणागाडी हवी होती, आणि तिचा खांब ओस्वाल्डच्या गवताच्या कुरणातच बसत होता. ओस्वाल्ड नको म्हणाला होता. गाडी आणू पाहणाऱ्या कासियानच्या बापाला, दोनदा. ओढाओढीत त्याचा पाय फळीत अडकला. त्यानं तीन थापा मारल्या. पाच क्रांपुसांनी हात सोडले. सहाव्यानं सोडले नाहीत.

कंबर मोडलेल्या माणसाला गवत कापता येत नाही. दोन वर्षांनी कुरण विकलं गेलं आणि खांब उभा राहिला. आजही गाडीत बसलं की खालच्या उतारावर ओस्वाल्डची कुंपणं दिसतात. प्रवासी त्यांचे फोटो काढतात.

त्या सहा तारखेच्या सकाळी, बुर्गाच्या नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात, तरणाबांड कासियान दवाखान्यात आला होता. उजवा अंगठा सांध्यातून निखळलेला. टेबलाची कड हातातून निसटली की अंगठा असाच जातो. इथल्या नर्सला ते शाळेत शिकवावं लागत नाही.

"शिडीवरून पडलो," तो म्हणाला होता.

बुर्गानं अंगठा बसवून दिला होता. कागदावर शिडीच लिहिली होती. मुखवट्याला नाव नसतं.

ओस्वाल्ड या सप्टेंबरात गेला. मेलेल्याचा मुखवटा वर्षभर भिंतीकडे तोंड करून टांगायचा, कुणी घालायचा नाही, अशी रीत आहे. आजोबांनी कोरलेला तो मुखवटा, बकऱ्याच्या धडकेनं अर्धं मोडलेल्या डाव्या शिंगासकट, बुर्गाच्या स्वयंपाकघरात भिंतीकडे बघत होता.

दुपारी वेंडेलिन दवाखान्यात आला. सहाजणांच्या टोळीचा म्होरक्या, वय चौसष्ट. गुडघा भोपळ्याएवढा.

"वेंडेलिनकाका, आज पळालात तर जूनपर्यंत बसून राहाल."

"मग टोळीत पाचच होतात की गं." त्यानं खिशातून कापडी नऊ नंबर काढून तिच्या मेजावर ठेवला. "हा मंडळाकडे परत द्यायला हवा."

"ठेवा इथंच. मी देते."

वेंडेलिननं तिच्याकडे पाहिलं. एकतीस वर्षांपूर्वी हात सोडणाऱ्या पाचांत तो होता. आपण सोडले हे त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं आणि तिनं कधी विचारलं नव्हतं. "माझी कातडी बाहेर गाडीत आहेत," तो म्हणाला. "नऊ नंबरला बोलण्याची सवय नाही असं मी पोरांना सांगून ठेवतो."

"बरं."

"आणि बुर्गे, टेबल हातांनी नाही, कमरेनं ओढायचं."

पाच वाजता सभागृहात तपासणी होती. तपासनीस बाईंनी मुखवट्याच्या दातांमधून नळी आत सारली. बुर्गानं फुंकर मारली. नऊ नंबरचा क्रांपुस पूर्ण शुद्धीवर आहे, एवढंच यंत्राला कळलं.

हॉटेलच्या मोठ्या खोलीत दोरीपलीकडे पाहुणे दाटीनं उभे होते. कॅमेऱ्यावर दिवा लागला. अध्यक्ष बाकाच्या मधोमध, दोन्ही बाजूंना दोन पुतणे. डावा पाय आडव्या फळीला लावलेला. सांगितलं होतं तरी.

घंटा वाजवत सहाजण आत शिरले. टेबल लार्चच्या लाकडाचं, चार पिढ्यांचं. दोन झटके झाले. तिसऱ्याला पुतणे पुढं लोळले, टेबल हातभर सरकलं आणि फळीबरोबर कासियानचा पाय पिळला. त्याचा चेहरा पांढरा झाला. कॅमेऱ्याकडे बघून हसत त्यानं तीन थापा मारल्या.

पाच क्रांपुसांनी हात सोडले.

नऊ नंबरनं ओढलं नाही. सोडलंही नाही. पाय रोवून, कमरेतून मागं रेलून तो नुसता उभा राहिला. हा सांधा कुठल्या बाजूला किती वळला की निसटतो, हे त्या खोलीत एकट्या त्यालाच ठाऊक होतं. बोटभर उरलं होतं.

कासियाननं चौथी थाप मारली. पाचवी मारली.

"अरे, झालं की. सोड," तो ओठ न हलवता म्हणाला. मग त्याची नजर वर गेली. डावं शिंग अर्धं होतं. ती नजर तिथंच राहिली, आणि हसू चेहऱ्यावरून कुणी पुसून घ्यावं तसं गेलं.

"ऐकलं होतं मी," तो म्हणाला.

"काय म्हणाले?" टीव्हीवाल्या बाईंनी विचारलं.

"थापा ऐकल्या होत्या. तिन्ही."

एकतीस वर्षं बुर्गाला वाटत आलं होतं की एवढं एक वाक्य ऐकलं की आपले हात आपोआप सुटतील. तिनं वाट पाहिली. हात सुटले नाहीत.

मग कासियाननं स्वतःचा डावा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि पोतं उतरवावं तसा फळीवरून खाली ठेवला. पुतण्यांना म्हणाला, "सोडा रे." आणि टेबलावरचे आपलेही हात काढून घेतले.

नऊ नंबरनं टेबल एकट्यानं ओढत नेलं. पाचजण बाजूला उभे राहिले. कुणी हात लावला नाही, कुणी अडवलंही नाही. उंबऱ्यावर ते अडलं, कड निसटली, पुन्हा धरली. शेवटी चारही पाय अंगणातल्या बर्फात टेकले. पाहुण्यांना हा परंपरेचाच भाग वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

सहा तारखेला सकाळी बुर्गा नेहमीच्या वेळी आली. कासियान बाकावर बसला होता. खिडकीतून अंगणातलं टेबल दिसत होतं, वर चार बोटं बर्फ. दुपारच्या आधी घरच्यांनी ते आत आणायचं नसतं.

त्यानं सदरा वर केला. मग तिच्या उजव्या अंगठ्यावरचं बँडेज पाहिलं.

"हे काय झालं?"

"शिडीवरून पडले."

बुर्गानं डाव्या हातानं सुई भरली, उजेडात धरून पाहिली.

"सिस्टर, जरा हळू."

"दुखलं तर तीन थापा मारा," बुर्गा म्हणाली. "मी थांबेन."

तिनं सुई टेकवली. कासियानचा हात उठला आणि पुढं आला. समोर टेबल नव्हतं. हात थोडा वेळ तसाच उघडा राहिला, आणि मग आवाज न करता त्याच्याच गुडघ्यावर उतरला.