नव्वद सालची शेवटची बाटली

नव्वद सालच्या त्या वाईनचं नाव कुणी काढलं की बास्तियाँच्या पोटात दुखायचं. पंचवीस वर्षं दुखत होतं. शातो मॉन्तेगरू या द्राक्षमळ्याच्या वाईन-तळघराचा कारभारी तो. द्राक्षं त्याच्या नजरेखाली पिकलेली, पिंपं त्याने धुतलेली. आणि वाईनमध्ये कॅबर्ने जातीची द्राक्षं किती, मेर्लो जातीची किती हे ठरवणारा कोण, तर बोर्दोहून मोटारीतून आलेला नामांकित मिश्रणतज्ज्ञ देलास! दोघांनी आपापलं मिश्रण केलं आणि मालकीणबाई मादाम सोलांजनी देलासचं निवडलं. "एवढी मेर्लो घातलेली वाईन वीस वर्षं काढायची नाही," असं बास्तियाँ तेव्हापासून भेटेल त्याला सांगत आला होता. स्वतःच्या मिश्रणाच्या बारा बाटल्या मात्र त्याने मागच्या भिंतीशी वाळूत पुरून ठेवल्या होत्या, लेबलाशिवाय.

आज दुपारी म्हातारा देलास जेवायला आला होता. त्या वाईनची एकच बाटली उरली होती, ती त्याच्यासाठी उघडायची होती. तळघरात मेणबत्तीच्या उजेडात बास्तियाँने ती काचेच्या चंबूत ओतली, गाळ बाटलीतच राहील अशी हळूहळू, आणि रिवाजाप्रमाणे घोटभर चाखली. मेलेली निघावी, अशी त्याची फार इच्छा होती. ती मेली नव्हती. इतकी सुंदर झाली होती की त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. आता वर जाऊन त्या माणसाचं कौतुक ऐकायचं, तेही आपल्याच हाताने वाढून? त्याने चंबू मोरीत उपडा केला आणि वाळूतली स्वतःची एक बाटली त्यात भरली. होऊ दे कौतुक, मग सांगतो कुणाची ते.

वर कोकराची तंगडी कापून झाली होती. मादामनी घोट घेतला, डोळे मिटले.

"देलास, तुमच्या हाताला खरंच तोड नाही."

बास्तियाँ घसा खाकरतच होता, तेवढ्यात देलास आपला घोट गिळून म्हणाला, "ही माझी नाही."

"काहीतरीच."

"ही याची आहे. निवड केलीत त्या दिवशी मी सांगितलं नव्हतं तुम्हाला, बास्तियाँची घ्या म्हणून? दोनदा सांगितलं."

मादामनी रुमालाने ओठ टिपले. "सांगितलं होतंत. पण तुम्हाला बोलावलं होतं ते नावासाठी. कारभाऱ्याच्या नावावर कोण वाईन घेतं?"

बास्तियाँला बसावंसं वाटलं, पण वाढणाऱ्याला खुर्ची नव्हती. पंचवीस वर्षं तो भलत्याच माणसावर जळत होता.

"झकास झालीय रे," देलास म्हणाला. "आता माझी आण. ऐंशी झाली मला, तेवढ्यासाठीच आलोय."

बास्तियाँ खाली गेला. रिकाम्या बाटलीच्या तळाशी गाळ तेवढा उरला होता. तो आणून त्याने देलासच्या पेल्यात ओतला. जेमतेम दोन गढूळ घोट भरले.

देलासने पेल्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "बाकीची?"

"मोरीत ओतली. मघाशी."

देलासने पेला उजेडाला धरला. मग म्हणाला, "वीस वर्षं काढायची नाही म्हणायचास. जगली होती का?"

"जगली होती," बास्तियाँ म्हणाला. "आज दुपारपर्यंत."