तेविसावा महिना

शिंपीकाकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन दीड वर्षं रखडलं होतं. काकू दर महिन्याला हॉस्पिटलच्या खिडकीशी यायच्या आणि एकच उत्तर घेऊन जायच्या, "यादीत तुमचा नंबर शेवटचा." या वेळी त्या हटून बसल्या, तेव्हा खिडकीवरच्या बाईने वैतागून त्यांना माझ्याकडे, कॉम्प्युटर विभागात पाठवलं.

"आमच्या मागून आलेल्या शेजारणीचे दोन्ही डोळे झाले," काकू म्हणाल्या. "ह्यांना सुईसुद्धा दिसेना. आता काजं-बटणं मीच करते."

मी काकांची नोंद उघडली. नाव नोंदवल्याची तारीखच रिकामी. जुन्या सिस्टिममध्ये ती साध्या मजकुरासारखी होती: २३/०५ आणि पुढे वर्ष. तेवीस मे. नव्या सिस्टिममध्ये माहिती आणताना या मजकुराची तारीख बनवणारी क्वेरी, म्हणजे छोटा प्रोग्राम, आधी महिना वाचत होती. तेविसावा महिना आणायचा कुठून? वर क्वेरीला हुकूम होता: तारीख बनली नाही तर जागा रिकामी सोड, बोंब मारू नकोस. रिकाम्या तारखेचा माणूस आपोआप यादीच्या तळाशी.

कुठल्याही महिन्याच्या बारा तारखेनंतर नाव नोंदवलेले सगळेच तळाशी पडले होते. सहाशे चौदा माणसं. बाकीच्यांचे दिवस-महिने उलटेपालटे झाले होते, ते वेगळंच.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तशीच आमच्या विभागाच्या साहेबांकडे गेले.

"माहितीये मला," साहेब म्हणाले. "नव्या सिस्टिमच्या उद्घाटनाच्या दिवशी स्क्रीनवर चुकांची लाल अक्षरं नको होती. मीच सांगितलं रिकामं सोडायला. नंतर बघू म्हटलं, ते राहून गेलं."

"राहून गेलं? माणसं आंधळी व्हायला लागलीत, साहेब!"

"आवाज खाली. गुपचूप दुरुस्त करा आणि बाहेर बोलू नका."

दुरुस्तीला अकरा मिनिटं लागली. आधी दिवस, मग महिना, एवढंच क्वेरीला सांगायचं होतं. अकरा मिनिटं! कीबोर्ड उचलून भिंतीवर आपटावासा वाटला. नवी यादी छापून मी थेट डोळ्यांच्या डॉक्टरबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली.

चार दिवसांनी काकांना तपासलं. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकून आत दाब वाढला होता. त्या डोळ्याची नजर कायमची गेली होती. डावा वाचेल, असं डॉक्टरबाई म्हणाल्या.

"आमचंच नशीब फुटकं," बाहेर बाकावर बसलेल्या काकू पुटपुटल्या.

ते मात्र मला ऐकवेना. "नशिबाला कशाला बोल लावता, काकू?" म्हटलं, आणि सगळं सांगून टाकलं.

काकूंनी डोळे पुसले नाहीत, पदर खोचला. "कुठे बसतो तो?"

मी त्यांना घेऊन गेले आणि केबिनचं दार न वाजवताच उघडलं. साहेब गडबडून उठले. "बसा ना, बाई."

काकू बसल्या नाहीत. त्या काय काय बोलल्या ते पूर्ण मजल्याने ऐकलं. मग त्यांनी लेखी तक्रार केली. खाली साक्षीदार म्हणून सही माझी. चौकशी होऊन साहेबांची खुर्ची गेली. काकांचा डावा डोळा बरा झाला. माझा राग अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही.