बुडालेल्या कंपनीची गाडी

आमच्या घरात त्या कंपनीचं नाव घेत नाहीत. पूर्वीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसं. त्यांचं निदान मानापोटी होतं. आमचे नाना, म्हणजे माझे सासरे, तिला शेवटपर्यंत ‘बुडेल कंपनी’, म्हणजे बुडालेली कंपनी, म्हणत राहिले, आणि म्हणताना बघायचे माझ्याकडे. त्यामुळे मीही नाव घेत नाही. एक कोरियन कंपनी होती, मोटारी करायची, एवढं पुरे.

माझं लग्न ठरत होतं तेव्हा तिचा केवढा गवगवा होता. कोरियातली बडी कंपनी, जहाजंसुद्धा करते, दिल्लीजवळ अवाढव्य कारखाना. तिची नवी छोटी गाडी बाजारात आली होती, गोल डोळ्यांची, बाळसेदार. दोंडाईच्याच्या मंडळींनी, म्हणजे माझ्या सासरच्यांनी, काही मागितलं नव्हतं. आमच्याकडे कोणीच काही मागत नाही. मिरचीचा मोठा व्यापार, चार लोकांत ऊठबस, सून पायी फिरलेली बरी दिसेल का, एवढंच म्हणाले. आबा काय ते समजले.

आबा माझे वडील. रावेरला आमची केळीची बाग. आमच्याकडे सोयरीक जमवायची तर आधी घर बघायला माणूस पाठवतात. दारात गुरं किती, विहिरीला पाणी किती, सासू सुनांशी कशी बोलते, सगळं काढून आणतात. आबांनीही माणूस पाठवला, पण कारखाना बघायला. आमची केळी ट्रकनं दिल्लीला जायची. आबांनी मगन ड्रायव्हरला सांगितलं, माल उतरव आणि त्या कंपनीचं घरदार नीट बघून ये. मगननं खरोखरच फाटकाशी ट्रक लावून चौकशी केली. परत येऊन म्हणाला, आबा, भिंत संपतच नाही, आणि चहावाला सांगत होता की पगार वेळेवर होतात. आबा खूश झाले. दोंडाईच्याला मात्र कोणी गेलं नाही. नानांचा व्यापार सगळ्यांना ठाऊक होता, त्यात बघायचं काय?

लग्नात ती गाडी मांडवापुढे झेंडूच्या माळा घालून उभी होती. माझ्यापेक्षा जास्त फोटो तिचे निघाले. पहिले काही महिने मी घरातली राणी. नाना पुढच्या सीटवर बसून साक्रीच्या बाजारापर्यंत जाऊन यायचे, भर उन्हात काच खाली करून, आत कोण बसलंय ते लोकांना दिसावं म्हणून.

मग पेपरात आलं की तिकडे कोरियात मूळ कंपनी कर्जात बुडाली. इकडचा कारखाना रखडत रखडत बंदच पडला. गाडी बिचारी चांगली होती, कधी वाटेत रुसली नाही. पण आरसा फुटला तर आरसा मिळेना, आणि विकायला काढली तर गिऱ्हाईक हसायचं. मिरची घ्यायला येणारे व्यापारी नानांना विचारायचे, काय नाना, तुमची कंपनी बुडाली म्हणे? नानांना ते झोंबायचं, आणि त्याची भरपाई करायला घरात मी होते. भाजी खारट झाली की सून बुडेल कंपनीची. मला दिवस राहिले तेव्हाही म्हणाले, हे तरी धड निघू दे.

तेवढ्यात आखाजी आली. अक्षय तृतीयेचा सण. आमच्या खानदेशात त्या सणाला लेकी माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि सण सरला की सासरचं माणूस त्यांना न्यायला येतं. त्या वर्षी नाना स्वतःहून म्हणाले, जा माहेरी, गाडीनंच जाऊ. मला इतका आनंद झाला की त्यांच्या पाया पडले. रावेरला पोचल्यावर माझ्या नवऱ्यानं, रुपचंदनं, गाडी अंगणात लावली, किल्ली आबांच्या हातात दिली आणि मान खाली घालून उभा राहिला. बोलले ते नाना.

"बुडेल कंपनीनी गाडी आम्ही काय करूत, आबा? बदली द्या. मंग पोरले लेवाले येसूत."

म्हणजे गाडी बदलून मिळाली की मगच मला न्यायला येणार. आणि दोघं एसटीनं परत गेले. दुकानात खराब निघालेली वस्तू आणि तिची पिशवी परत करतात, तशी गाडी आणि मी अंगणात उभ्या.

आखाजीचे झोके सुटले. गल्लीतल्या मुलींना न्यायला कोणी ना कोणी आलं. मी ओट्यावर बसायची आणि कुठलाही हॉर्न वाजला की उठायची. पोट वाढत चाललं, मला उठायला वेळ लागायला लागला, तरी उठायची. कधी कधी त्या गाडीतच जाऊन बसायची. वाटायचं, हिच्यातून आले, हिच्यातूनच परत जाईन. एकदा आबा तिथे आले, दारापाशी उकिडवे बसले आणि बराच वेळ टायरकडे बघत राहिले.

"मी त कंपनी पाह्यली, पोरी," ते म्हणाले. "घर पाह्याचं राहून गेलं."

माझी लेक भूमिका रावेरलाच झाली. बारशालाही दोंडाईच्याचं कोणी आलं नाही. त्यानंतर आबांनी गाडी बदलून दिली. आईच्या हातातल्या पाटल्या मला पुन्हा दिसल्या नाहीत. नवी गाडी दुसऱ्या कंपनीची, पण तीही कोरियनच. ती दारात उभी राहिल्याचं कळलं तसे नाना आणि रुपचंद आम्हाला न्यायला हजर. दोघांनी गाडीभोवती फेरी मारली, बॉनेट उघडून बघितलं, चालू करून आवाज ऐकला. मग नाना म्हणाले, पोरगी दाखवा.

ही दुसरी कंपनी मात्र टिकली. नुसती टिकली नाही, फोफावली. धुळ्यात, जळगावात तिच्या शोरूम झाल्या, गल्लीगल्लीत तिच्या गाड्या. नाना छाती फुगवून सांगायचे, काम करावं तर कोरियन माणसानं. एकाच देशाच्या दोघी, पण एक आमच्या घरची लाडकी आणि एक आमच्या घरची शिवी. पुढे नाना गेले. रुपचंद वाईट माणूस नाही, माझ्यावर कधी हात उगारला नाही, पण त्या महिन्यांबद्दल अवाक्षरही काढलं नाही. मीही काढलं नाही. पहिलं बाळंतपण माहेरीच होतं, त्यामुळे भूमिकाला कधी शंका आली नाही.

जुनी गाडी आबांनी विकली नाही. आबा गेल्यावरही माझा भाऊ गिरधर यानं ती केळीच्या शेडमध्ये ठेवली. मध्ये एकदा त्याचा फोन आला होता, ताई, आपली गाडी परत आली. अमेरिकेच्या कंपनीनं त्या बुडालेल्या कंपनीचा कारभार घेतला होता आणि तसलीच गाडी दुसऱ्या नावानं विकायला काढली होती. गिरधरनं हौसेनं काही सुटे भाग आणून बसवले, चालवलीही. मग ती अमेरिकन कंपनीही इथला गाशा गुंडाळून गेली, आणि गाडीत कोंबड्या अंडी घालायला लागल्या.

हे सगळं आता उकरायचं कारण भूमिका. शिकली, जळगावला बँकेत लागली, आणि तिथलाच तेजस म्हणून मुलगा तिला पसंत पडला. इंजिनियर, बोलायला गोड. बोलणी करायला त्याचे वडील आले, आमच्या दारातली गाडी कौतुकानं बघितली आणि चहा पिता पिता म्हणाले, आम्हाला काही नको, फक्त पोरांना फिरायला एखादी गाडी असली म्हणजे झालं, तुमचा तर कोरियन गाड्यांवर विश्वास आहेच. रुपचंद हसला. दुसऱ्याच दिवशी शोरूमला जाऊन गाडी सांगून आला, मला न विचारता.

त्या रात्री मी त्याच्यापुढे हात जोडले. लग्न थाटात कर, दागिने घाल, पण पोरीबरोबर गाडी देऊ नको. तो म्हणाला, आपली एकुलती एक, तिला कमी का करायचं? मी म्हटलं, तुला माहीत आहे गाडी का द्यायची नाही. तो उठून अंगणात गेला आणि गाडी पुसत बसला.

मग मी तेजसला फोन केला, घरात कोणाला कळू न देता. त्याला म्हटलं, तू एकदा नको म्हण, बाकी मी बघते. तो फार अदबीनं बोलला. त्याला स्वतःला काहीच नको होतं. घरच्यांची हौस होती, बाबांचं मन मोडायचं जिवावर येत होतं. मला रुपचंदची खाली घातलेली मान आठवली. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात बसून तोंडात पदर कोंबून रडले. मग भूमिकालाच सांगायला गेले, गाडी नको. तिनं मोबाईल काढला आणि मला कंपनीची कुंडली वाचून दाखवली. किती देशांत गाड्या जातात, धडक देऊन बघतात त्यात किती तारे मिळाले, शेअर बाजारात केवढा भाव आहे.

"ही बुडणार नाही गं, आई," ती म्हणाली.

मी म्हटलं, तीही बुडणार नव्हती. ती कोण, हे तिला कळलं नाही.

आता एकच गोष्ट हातात उरली होती. इतकी वर्षं गिळलेलं सगळं तिच्यापुढे ओकायचं. बापाची तिच्या नजरेतली किंमत जाईल, जाऊ दे. माझी पोर माझ्यासारखी कोणाच्या ओट्यावर बसायला नको. ऐकल्यावर ती गाडी लाथाडेल, वेळ पडली तर लग्नही मोडेल, याची मला खात्री होती. माझं रक्त आहे, शिकलेलं रक्त. या आखाजीला मी तिला रावेरला घेऊन गेले आणि दुपारी सगळे पेंगलेले असताना केळीच्या शेडमध्ये नेलं.

खोक्यांच्या थप्प्यांमागे ती गाडी होती. एक डोळा फुटलेला, बॉनेटवर केळीच्या चिकाचे काळे डाग. मी कोंबडीला हुसकावलं, सीट पदरानं झाडली आणि भूमिकाला आत बसवलं. शेजारी मी बसले. आणि सांगितलं. मगन ड्रायव्हरपासून सांगितलं. नाना काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत सांगितलं. ओट्यावर बसायची ते, हॉर्न वाजला की उठायची ते. तुझ्या बारशाला तुझ्या बापाच्या घरचं कोणी नव्हतं, आणि तुला बघायच्या आधी त्यांनी बॉनेट बघितलं, हेही सांगितलं. सांगताना मला धाप लागली. एवढं मी आयुष्यात कोणाशी बोलले नव्हते.

भूमिका रडली. माझ्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. माझ्या हाताचे मुके घेतले, म्हणाली, आई, तू एकटीनं हे कसं सोसलंस. मला वाटलं, सुटलो आपण. छातीवरचा धोंडा उतरला असं वाटलं. मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले आणि मनात आबांना सांगितलं, या खेपेला घर बघितलं हो आपण.

मग तिनं डोळे पुसले. समोरच्या धुळीनं भरलेल्या काचेकडे बघत विचार करत बसली. बँकेत बसून एखादं प्रकरण तपासत असेल, तेव्हा असाच चेहरा करत असेल.

"म्हणजे आबांनी पहिल्यांदाच चांगल्या कंपनीची दिली असती, तर तुला परत पाठवलंच नसतं ना?" ती म्हणाली.

मी तोंड उघडायच्या आत तीच पुढे म्हणाली,

"मग आपण कशाला रिस्क घ्यायची? पप्पांनी मधलं मॉडेल सांगितलंय. मी त्यांना वरचं घ्यायला सांगते. कोणाला बोलायला जागाच ठेवायला नको."

तिनं माझा हात घट्ट धरला होता. मला धीर देत होती ती. मला ओरडावंसं वाटलं, अगं, गाडीचा दोष नव्हता. पण तिच्या डोळ्यांत जी भीती होती ती मी ओळखली. ती माझीच होती, आणि आत्ता, या सीटवर बसवून, मीच तिला दिली होती. तासापूर्वी ही पोर हौस म्हणून गाडी नेत होती. आता जीव वाचवायला नेणार होती.

बाहेरून गिरधरनं हाक मारली, चहा झालाय. भूमिका उतरली आणि माझ्या बाजूचं दार ओढायला लागली. ते उघडेना, गंजलं होतं. ती जोर लावत होती आणि मी आत बसून बघत होते. काहीतरी करायला हवं होतं. माझ्या पोरीसाठी मला अजून काय मागून घेता येईल, तेवढंच डोक्यात फिरत होतं.

"भूमे," मी काचेतून म्हटलं, "त्या शोरूमवाल्याला म्हणावं, वॉरंटी वाढवून दे."

"किती वर्षांची?"

"जास्तीत जास्त देत असतील तेवढी घे," मी म्हटलं.