निजवून उठवणाऱ्या चांगुणाबाई

"सर, जरा निजवून उठवते त्याला," म्हणत चांगुणाबाईंनी सात नंबरचा कंप्युटर बंद केला, दहापर्यंत आकडे म्हटले आणि पुन्हा चालू केला. अडकलेलं पान सुरळीत उघडलं. अर्धा तास खटपट करून घामाघूम झालेले विज्ञानाचे सर रुमालानं मान पुसत बाजूला सरकले.

चांगुणाबाई आमच्या येरमाळ्याच्या शाळेतल्या शिपाई. शिक्षण चौथी. मी तिथला मुख्याध्यापक, आणि कंप्युटरच्या बाबतीत त्यांच्याहून अडाणी.

ही सारी करणी तेव्हा आमच्याकडं शिकवणाऱ्या सुगत सरांची. पंधरा वर्षांपूर्वी शाळेला कुणीतरी वापरून टाकलेले दहा कंप्युटर मिळाले आणि ते चालेचनात. सुगत सरांनी त्यांत लिनक्स हे कंप्युटर चालवणारं फुकटचं सॉफ्टवेअर घातलं. ते जुन्या यंत्रावर चालतं, कुणालाही उतरवून देता येतं आणि मराठीत दिसतं, एवढंच त्यांनी मला सांगितलं. खोली झाडायला आलेल्या चांगुणाबाईंनी पडद्यावर 'उघडा', 'साठवा', 'बंद करा' असं वाचलं आणि म्हणाल्या, "आगं बया, ह्याला तर आपलं बोलणं येतंय की." त्या दिवशी खोली निम्मीच झाडून झाली.

पुढं सुगत सरांची बदली परंड्याकडं झाली आणि खोली आपसूक बाईंच्या हाती आली. नवा शिक्षक आला की त्याच त्याला शिकवायच्या. लिनक्सची सीडी वहीच्या कागदात गुंडाळून त्यांनी गावभर फिरवली. वाचनालयात दिली, स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याला दिली, ज्यांच्या घरी लेकरांसाठी जुना कंप्युटर आणलेला त्यांना दिली. "घाला आन् म्होरच्याला द्या, दाबून ठिवायचं न्हाय," एवढी त्यांची ताकीद. वर्षभरात सारा गाव कंप्युटर 'निजवून उठवायला' लागला. काय दिवस होते ते! मी उगीचच त्या खोलीत जाऊन बसायचो.

यंदा पंधरा नवे कंप्युटर मिळणार म्हटल्यावर मी हुरळलो आणि कंपनीच्या कराराचा कागद न वाचताच सही ठोकली. यंत्रं बसवायला पंचाक्षरी नावाचा गृहस्थ आला. त्यानं पहिला पडदा उजळवला. सगळं इंग्रजीत.

"ह्यात आपलं मराठी घाला की," बाई म्हणाल्या.

"न्हाय जमायचं, मावशी. तीन वर्षं आतलं कायबी बदलायचं न्हाय. भाषाबी न्हाय. सरांनी सही केलीय तशी."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. तीन वर्षं म्हणजे बाईंची उरलेली सगळी नोकरी.

"मग सर, म्या हितं काय करायचं?"

"तुम्ही आपली खोली झाडा, बाई," मी म्हणालो. त्यांचं ओझं हलकं करायला गेलो आणि भलतंच बोलून बसलो.

"व्हय सर," त्या म्हणाल्या. जुने दहाही कंप्युटर त्यांनी ओल्या फडक्यानं पुसले आणि जुनी यंत्रं न्यायला आलेल्या टेम्पोत चढवू लागल्या. एकालाही आपटू दिलं नाही.

नंतर आठवडाभर मी त्यांना टाळलं. माझी मलाच लाज वाटत होती. एक कागद वाचायला मला किती वेळ लागला असता?

शुक्रवारी दुपारी फेरी मारताना पाचवीच्या वर्गात शिरलो. गौरी मॅडमचा इंग्रजीचा तास चालला होता. शेवटच्या बाकावर दोन मुलींनी सरकून जागा केलेली, आणि तिथं चांगुणाबाई बसलेल्या. नाकावर चष्मा, पुढ्यात चार रेघी वही. फळ्यावरचं एकेक अक्षर त्या पेन्सिल दाबून उतरवत होत्या.

मला पाहून सगळा वर्ग उभा राहिला. चांगुणाबाईही उभ्या राहिल्या, मुलांसारखेच हात सरळ खाली सोडून.

"बसा," एवढं म्हणायला मला फार वेळ लागला.