ओव्याची वाफ

धंतोलीत दवाखान्यांच्या मागच्या गल्लीत बायजाबाईचं दोन खोल्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत इस्त्रीचं टेबल, टेबलाखाली कोळशाची शेगडी, आणि शेगडीपासून दोन हातांवर तिच्या सुनेचं, गोपिकाचं, दहा महिन्यांचं लेकरू. पेमी नुकतीच रांगायला लागली होती. रांगणाऱ्या लेकराला दिशा बिशा काही नसते. जिकडे लाल चमकलं, तिकडे ते निघालं.

संक्रांतीच्या आधी सासू इस्त्रीत फुंकर मारत होती, तेव्हा एक निखारा उडून पेमीच्या पोटरीवर पडला. फोड आला, फुटला, सुकला. डाग मात्र राहिला. कपडे ओळखू यावेत म्हणून बिब्ब्यानं खूण करतात ना, तेवढाच, तसाच काळा. आंघोळ घालताना गोपिकाचा अंगठा रोज त्या डागावर थांबायचा, आणि पेमी मात्र पाण्यावर थापा मारत खिदळायची.

"आत्याबाई, शेगडी आंगणात ठेवू ना," गोपिका म्हणाली होती.

"आंगणात हवा लागते. डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटावर राख बसंल तर कोण धुईन पुन्हा? तुही माय?" बायजाबाईनं इस्त्री आपटली. "पोरगी आवरत नाई, अन् म्हणे शेगडी आवरा!"

गोपिकानं नवऱ्याकडे पाहिलं. रुपराव सायकलच्या कॅरिअरला गठ्ठा बांधत होता. गाठ बसलेली होती, तरी तो ती पुन्हा सोडून बांधू लागला.

"माय म्हणते तसं कर ना वं," तो म्हणाला आणि निघून गेला. सासू-सुनेचं बोलणं सुरू झालं की याला गिऱ्हाईक आठवायचं.

माघात पेमीला सर्दी झाली. छाती घरघरायची, दूध ओढताना नाक बंद व्हायचं. गोपिका रोज सकाळी ओट्यावरच्या स्टोव्हवर पितळी गंजात, म्हणजे उभट पातेल्यात, पाणी उकळायची, गंजाच्या तोंडावर मलमलचा फडका बांधून त्यावर ओव्याची पुरचुंडी ठेवायची आणि लेकराला कडेवर घेऊन ती वाफ द्यायची. घरभर ओव्याचा वास. चार दिवसांत तो वास कुणाच्या नाकाला जाणवेनासा झाला.

एका सकाळी तिनं आपली लग्नातली साडी हवा लागावी म्हणून ओट्यावरच्या वळणीच्या दोरीवर टाकली होती. वर्षभर पेटीत चेपून तिच्या घड्या अशा बसल्या होत्या की जणू मापानं आखल्या. वाफ देता देता गोपिकाचं लक्ष वर गेलं. गंजाच्या नेमक्या वर आलेल्या पदराच्या घड्या गेल्या होत्या. रेशीम सरळ, मऊ, पाण्यासारखं लोंबत होतं. तिनं दुसरी बाजू वाफेवर धरली, तळहातानं वरून खाली ओढली. तीही उलगडली.

कडेवरच्या पेमीला ती म्हणाली, "पाहिलं का वं माये? कोळसा नाई लागला."

ही गोष्ट तिनं सासूला सांगितली, आणि सासूनं ती गल्लीला.

"आमच्या घरी साड्या शिजवून राहिली सून! फोडणी तेवढी राहिली!" बायजाबाई दारात उभी राहून शेजारणींना सांगत होती. मग आत वळून म्हणाली, "इस्त्री म्हंजे इस्त्री. घडीले धार पाहिजे. वाफेनं का धार येते?"

"रेशमाले धार कायले पाहिजे? दिवाळीले कुसुमताईच्या साडीचा काठ पिवळा पडला, तो काय वाफेनं?" गोपिका म्हणाली.

 तो काठ बायजाबाईनं घडीत आत लपवून पाठवला होता, आणि गल्लीत हे दोघींशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

"तोंड पाहा हिचं," बायजाबाई सावकाश म्हणाली. "समजतो मी तुहा डाव. रेशीम टांगाले साफ जागा पाहिजे, मंग शेगडी बाहेर, मंग टेबल बाहेर, मंग बुढी बाहेर. तीस वर्षं उभी आहे मी या टेबलाजवळ. रुपरावचा बाप गेल्यावर एकटीनं घर चालवलं या इस्त्रीवर."

डाव होताच. फक्त शेगडीपुरता. पण हे सांगून सासूला पटणार नव्हतं, आणि गोपिकालाही आता पटवायची इच्छा उरली नव्हती.

"एक साडी करून पाहू द्या."

"कर. कुसुमताईचीच कर. हळदीकुंकवाची हाये. चांगली झाली तर पाहू. पण बिघडली, तर वाफेचं नाव काढायचं नाई अन् माह्या शेगडीचंही नाई. आहे कबूल?"

"आहे."

कुसुमताई म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, चौकातल्या बंगल्यात राहणाऱ्या. साडी गांधीबागेतून घेतलेली, मोरपंखी, जरीच्या काठाची. गोपिकानं सकाळचा वाफारा आटोपला, गंज घासून घेतला, नवं पाणी ठेवलं. थेंब उडून रेशमावर डाग पडू नये म्हणून तोंडावर फडका बांधला. हाताशी होता तोच बांधला. मग वीत वीत साडी वाफेवरून सरकवली. एवढी सुरेख झाली की बायजाबाईनं दोनदा उलटून पाहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुसुमताई स्वतः गल्लीत आल्या. साडी कागदात गुंडाळलेली, आणि कागद अंगापासून लांब धरलेला.

"बायजाबाई, पंधरा वर्षं कपडे देते मी तुमच्याकडे. कधी एक रुमाल इकडचा तिकडे झाला नाही. आणि आता हे?" त्यांनी साडी टेबलावर टाकली. "वास घ्या. घ्या ना! बाळंतिणीच्या खोलीचा वास आहे हा. काल हळदीकुंकवाला चार बायकांत मला विचारलं, घरी कोण बाळंत झालंय म्हणून! तुमच्या सुनेनं माझी साडी नेसली."

कपडे धुऊन पोट भरणाऱ्या घराला याहून वाईट शब्द नाही. डाग पडला म्हणा, फाटलं म्हणा, ते सोसता येतं. गिऱ्हाइकाचं नेसले म्हटलं की त्या घराचा गठ्ठा कुणी घेत नाही आणि कुणी देत नाही.  पेमीला तिनं छातीशी घट्ट धरलं. सासू आता नुसती गप्प बसली तरी पुरे होतं. पैज ती जिंकली होती.

बायजाबाईनं साडी नाकाशी नेली. एकदा हुंगली. मग ओट्याकडे पाहिलं. तिथं गंज होता, गंजावर मलमलचा फडका वाळत होता. गोपिकानंही त्याच क्षणी तिकडे पाहिलं आणि तिला कळलं. गंज घासला होता. फडका नव्हता धुतला.

"बाई," बायजाबाई म्हणाली, "माही सून आळशी आहे. तोंडाची फटकळ आहे. अक्कल तर देवानं तिले देलीच नाई. पण गिऱ्हाइकाचा कपडा अंगाले लावणारी बाई माह्या घरात नाई. ना मी, ना ही." तिनं फडका उचलून टेबलावर आपटला. "घ्या, याचा वास घ्या. लेकराच्या वाफाऱ्याचा ओवा हाये तो. हिनं तोच फडका बांधून तुमच्या साडीले वाफ देली."

"वाफ? म्हणजे इस्त्री नाही केली?"

"नाई केली. अन् इस्त्रीपेक्षा चांगली झाली होती," बायजाबाई दात आवळून म्हणाली. "वास सोडून."

"मला खरं वाटत नाही. वाफेनं घड्या जातात? माझ्यासमोर करून दाखवा."

सासूनं सुनेकडे पाहिलं. लग्नापासून पहिल्यांदा त्या नजरेत हुकूम नव्हता, गरज होती. गोपिकानं पेमीला खाली ठेवलं नाही.

"करतो ना बाई. पण आधी शेगडी बाहेर काढा लागते. राख उडते, ओल्या रेशमाले चिकटते."

"काल नाई काढली शेगडी!" बायजाबाई ओरडली.

"काल नशीब होतं."

"मग काढा की," कुसुमताई म्हणाल्या. "पुन्हा राखेचे डाग नकोत मला."

 बायजाबाई वाकली, पदर दुमडून दोन्ही हातांनी शेगडी उचलली आणि अंगणात नेली. जाताना तिचा खांदा गोपिकाला लागला, मुद्दाम.

गोपिकानं पेमीला पाठीशी बांधलं. तांब्याचं घंगाळ काढलं, नवं कापड बांधलं, साधं पाणी उकळलं. साडीला वाफ लागली तसा आधी ओव्याचा असा भपका उठला की कुसुमताईंनी रुमाल लावला. मग तो विरत गेला. दुसऱ्यांदा वाफ, तिसऱ्यांदा वाफ, आणि शेवटी नुसता ओल्या रेशमाचा वास. चुण्या गेल्या, साडी सरळ लोंबली. कुसुमताईंनी पदर हुंगला, पुन्हा हुंगला. चुकले असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

"लेकराचं भांडं आणि फडका वेगळा ठेवा," उठता उठता त्या म्हणाल्या. "जरीच्या आणखी दोन पाठवते. त्यांना इस्त्री लावू नका. दिवाळीला काठ पिवळा करून घडीत लपवलात ना बायजाबाई, मी पाहिला होता. बोलले नाही एवढंच."

त्या गेल्यावर बायजाबाईनं दारातून शेगडीकडे पाहिलं. गोपिकाला वाटलं, आता शेगडी आत येईल आणि सगळं पहिल्यासारखं सुरू होईल. पण बायजाबाईनं टेबलाचं एक टोक धरलं.

"धर तिकडून," ती म्हणाली. "आंगणात लिंबाखाली नेऊ. जरीच्या येऊन राहिल्या तुह्या."

त्यानंतर आठ दिवस ती सुनेशी एक अक्षर बोलली नाही. रोज सकाळी लिंबाखाली खोलीकडे पाठ करून उभी राहायची आणि डॉक्टरांच्या कोटांवर इस्त्री अशी दाबायची की जणू कोट गोपिकानंच घातलाय. वाऱ्यानं राख उडायची, तिच्याच तोंडावर. ती तोंड पुसायची नाही.

आत, टेबल होतं तिथं जमिनीवर शेगडीची काळी गोल खूण उरली होती. गार. पेमी रांगत तिथं गेली, मधोमध बसली, आणि दोन्ही हातांनी त्या काळ्यावर थापा मारू लागली. गोपिका गंजापाशी उभी राहून पाहत होती. तिनं लेकराला उचललं नाही. पहिल्यांदाच उचलावंसं वाटलं नाही.

"हात पूस वं तिचे," अंगणातून आवाज आला. पाठ तशीच होती. "काळे हात रेशमाले लावंल."